तोफा आपल्या, स्मारक त्यांचं: महाराजपूर, २९ डिसेंबर १८४३

कंपूकर

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी कोलकात्याला गेलो होतो. सकाळी हुगळीच्या काठाने स्ट्रँड रोडवरून प्रिन्सेप घाटाकडे चालत निघालो, तर वाटेत एक अष्टकोनी मनोरा दिसला. साठेक फूट उंच, डोक्यावर कांस्याचा घुमट. दुरून पाहिलं तर जेवणाच्या टेबलावरची मिरपुडीची डबी कुणीतरी नदीकाठी विसरून गेल्यासारखं वाटतं. चहावाल्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "ग्वालियर मन्युमेंट." हातातला कुल्हड तसाच राहिला. घरापासून इतक्या लांब येऊन आपल्याच गावाचं नाव चहावाल्याच्या तोंडून ऐकायचं!

मग तिथेच बाकावर बसून फोनवर वाचत गेलो. २९ डिसेंबर १८४३, शुक्रवार. त्या एका दिवशी शिंद्यांच्या फौजेच्या दोन लढाया झाल्या. चंबळ उतरून आलेल्या सर ह्यू गफच्या इंग्रज फौजेशी महाराजपूरला, आणि बुंदेलखंडाकडून आलेल्या जनरल ग्रेच्या फौजेशी पनिहारला. दोन्ही आपण हरलो. महाराजपूरला छप्पन्न तोफा गेल्या, पनिहारला चोवीस. गव्हर्नर जनरल एलनबरोने त्या तोफांचा धातू वितळवून घुमटाला वापरला आणि १८४७ मध्ये हा मनोरा उभा राहिला. आत नावं आहेत, त्यांच्याकडच्या मेलेल्यांची.

मी राहतो ग्वाल्हेरच्या कंपूत. लहानपणी वाटायचं, नाव असंच पडलं असेल, जसं नई सडक. पण कंपू म्हणजे पलटणींचा तळ, ब्रिगेड. महादजी शिंद्यांनी १७८४ साली डी बॉयन या फिरंगी अंमलदाराला चाकरीत घेतलं आणि कवायती पायदळ उभं केलं, तेव्हापासूनचा हा शब्द. पाटण आणि मेडता १७९० मध्ये याच पायदळाने जिंकलं. लासवारीला १८०३ मध्ये इंग्रज सेनापती लेकसुद्धा या पलटणींचं कौतुक करून गेला. आणि १८४३ ला गफने आपल्या अहवालात लिहिलं की इतक्या उत्तम चालवलेल्या तोफा आपण कधी पाहिल्या नाहीत, आणि आपल्या तोफांना इतकं जपणारं पायदळही नाही. मराठे आपल्या पलटणीच्या तोफांना देव मानतात.

हे वाचून मी दोन मिनिटं गप्प होतो. खंडेनवमीला आमच्या घरी आजोबांचा अडकित्ता आणि माझा स्क्रू-ड्रायव्हर एकाच पाटावर पूजेला असतात. गफला ते बाहेरून दिसलं, पण बरोबर दिसलं.

परत आल्यावर एका रविवारी स्कूटर काढून महाराजपूर शोधत गेलो. मोहरी फुललेली, आसन नदी हिवाळ्यातली, बारीक. पारावर दोघे-तिघे बसले होते. विचारलं, इथे लढाई झाली होती ना? एक म्हणाला, "भैया, यहाँ तो हर साल मेंड़ पर होती है. तुम कौन-सी पूछ रहे हो?" मेंड़ म्हणजे शेताचा बांध. शिंद्यांच्या पलटणीचा एखादा दगड, एखादी पाटी? कुणी दाखवू शकलं नाही.

तर प्रश्न साधा आहे. ज्यांच्या तोफा गेल्या त्यांच्यासाठी, त्या जागेवर, एक दगड उभा करावा की नाही? पुतळा नको, चौथरा नको, नेत्यांच्या हस्ते काही नको. नुसता दगड.

पाटणकर_बाजार

महाराजपुरा म्हणजे विमानतळाजवळचं ना? तिथे तर हवाई दलाचा तळ आहे. कोण उभा करू देणार तुम्हाला दगड? आधी ओळखपत्र मागतील, मग स्कूटर तपासतील.

कंपूकर

नाही हो, हा घोळ सगळ्यांचा होतो, माझाही झाला होता. विमानतळाचं महाराजपुरा भिंड रोडवर आहे. लढाईचं महाराजपूर वायव्येला, मुरेन्याच्या बाजूला. गफची फौज आग्र्याहून धौलपूरमार्गे आली, चंबळ उतरली, मग कुंवारी नदी उतरली. मराठ्यांची मुख्य जागा आसन नदीवरच्या चौंदा गावाशी असेल असा त्याचा हिशेब होता. पण फौज पुढे येऊन रातोरात महाराजपुरात ठाण मांडून बसली होती, आणि सकाळी पहिले गोळे आले तेव्हाच गफला ते कळलं. टेहळणी न करता आला म्हणून त्याच्यावर त्याच्याच लोकांनी नंतर भरपूर टीका केली.

सुभेदारसाहेब_निवृत्त

कुमाऊं रेजिमेंटमध्ये २४ वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

पहिली गोष्ट. या लढाईत इंग्रजांच्या बाजूने गोऱ्या पलटणी होत्या: महाराजपूरला ३९ वी आणि ४० वी, पनिहारला ३ री म्हणजे बफ्स आणि ५० वी. पण पायदळातला मोठा भाग बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्रीचा, म्हणजे आपलीच माणसं. त्या पलटणींना 'महाराजपूर' आणि 'पनिहार' हे लढाईचे मान मिळाले होते. आजच्या आपल्या सेनेत ते मान झेंड्यावर मिरवत नाहीत. आपल्याच देशातल्या राज्यांविरुद्ध मिळालेले जे मान आहेत, ते सगळे तसे बाजूला ठेवलेत. हा निर्णय मला पटतो. ड्रिलच्या मैदानावर उभं राहून महाराजपूर जिंकलं म्हणून छाती फुगवायची तर कुणाविरुद्ध?

दुसरी गोष्ट. रियासतींच्या पलटणी स्वातंत्र्यानंतर सेनेत घेतल्या तेव्हा चौथी ग्वाल्हेर इन्फन्ट्री १४ कुमाऊं (ग्वाल्हेर) झाली आणि इंदूरची १५ कुमाऊं (इंदूर). १४ कुमाऊं पुढे मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीत गेली. तेव्हा ग्वाल्हेरचं नाव पायदळात उरलेलं नाही असं कुणी म्हणू नये. पण १८४३ ची फौज आणि ही पलटण एकच, असंही म्हणू नये. त्या लढाईनंतर जानेवारी १८४४ च्या तहाने शिंद्यांची फौज नऊ हजारांवर आणली: सहा हजार घोडेस्वार, तीन हजार पायदळ, बत्तीस तोफा. पायदळच सगळ्यात जास्त छाटलं. त्यांना कशाची भीती वाटत होती ते यावरून समजा.

दगडाला माझी हरकत नाही. पण त्यावर "शूर सरदार" वगैरे लिहू नका. शिपायांचा दगड असेल तर शिपायांचाच असू द्या.

मुठाकाठी

ग्वाल्हेरकरांचा राग येऊ नये, पण हरलेल्या लढाईचं स्मारक कशाला? जिंकलेल्या लढाया कमी आहेत का आपल्याकडे? शिवाय त्या वेळी दरबारात काय चाललं होतं ते विसरू नका. महाराज जनकोजीराव शिंदे फेब्रुवारी १८४३ मध्ये वारले, त्यांच्या पत्नी ताराबाईसाहेब स्वतःच लहान, दत्तक घेतलेले जयाजीराव नऊ वर्षांचे. मामासाहेब कदम विरुद्ध दादा खासगीवाले, असा उभा दावा. इंग्रजांना आत शिरायला दार उघडं आम्हीच ठेवलं. स्मारक कशाचं करणार, भाऊबंदकीचं?

कंपूकर

पुण्यातून भाऊबंदकीवर प्रवचन! (रागावू नका, आमची आत्या सदाशिवात असते.)

पानिपतच्या काला आंबला कुणाचं स्मारक आहे हो? पानिपतही हरलेलंच. दर १४ जानेवारीला तुमच्याकडून गाड्या भरून लोक तिथे जातात आणि जावंच. त्याच्या वर्षभर आधी बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडले, तेही आमच्या घरचेच. हरलेल्या लढाईत मेलेला कमी मेलेला असतो का?

दरबाराचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. म्हणून तर दगड दरबाराचा नकोय. दरबार भांडत होता आणि पलटण तोफेजवळ उभी होती. दोन वेगळ्या गोष्टी आहेत या.

हुगळीकाठ

माहेर दौलतगंजातलं, बावीस वर्षं झाली कोलकात्यात. हा धागा वाचून काल संध्याकाळी मुद्दाम त्या मनोऱ्यापाशी जाऊन आले. इतकी वर्षं बाबूघाटावरून फेरी पकडते, तो डाव्या हाताला दिसतोच, आणि एकदाही थांबले नव्हते.

इथे त्याला 'पेपर पॉट' म्हणतात, तेव्हा कंपूकरांची मिरपुडीची डबी अगदी जुनी कल्पना आहे, स्वतःची समजू नका. बांधकाम विटांचं आहे, वर जयपुरी संगमरवर. नकाशा बंगाल इंजिनियर्सच्या कर्नल गुडविनचा. बाजूला मुलं क्रिकेट खेळत होती आणि मनोऱ्याच्या पायरीचा स्टंप केला होता. मला ते आवडलं, का कोण जाणे.

आणखी एक सांगायचं राहिलं. तोफांचा धातू फक्त घुमटात गेला नाही. जिंकलेल्या सैनिकांना जो ग्वाल्हेर स्टार दिला, सहा टोकांचा, तोही त्याच तोफांच्या धातूचा, कोलकात्याच्या टाकसाळीत पाडलेला. मध्ये लहान चांदीचा तारा आणि महाराजपूर किंवा पनिहार असं नाव व तारीख. म्हणजे आपली तोफ हजारो तुकड्यांत कुणाकुणाच्या छातीवर लटकून विलायतेला गेली.

आणि ही गंमत कुणी सांगितलीच नाही! गफची बायको, मुलगी आणि इंग्रज अधिकारी हॅरी स्मिथची बायको हुआना हत्तींवर बसून फौजेबरोबर चालल्या होत्या. मराठ्यांचे पहिले गोळे आले तेव्हा हत्ती माऱ्यात सापडले. नंतर एलनबरोने या बायकांना सोन्याचे, मिनाकाम केलेले तारे दिले. हिवाळी सहल म्हणूनच निघाल्या होत्या बहुतेक.

मुठाकाठी

हे मात्र माहीत नव्हतं. हत्तींचं.

छप्पन_दुकान

इंदूरहून हजेरी. ग्वाल्हेरकरांना एकटं वाटू नये म्हणून सांगतो, आमचं महिदपूर याच मापाचं. २१ डिसेंबर १८१७, क्षिप्रेचा काठ. समोर इंग्रजांचे हिस्लॉप आणि माल्कम. होळकरांचे गोलंदाज तोफांपाशीच कापले गेले, इंग्रजांचे पावणेआठशेच्या वर मेले-जखमी झाले. पुढच्या ६ जानेवारीला मंदसौरचा तह आणि त्यातूनच महूची छावणी. आज पायदळाचं इन्फन्ट्री स्कूल महूलाच आहे. म्हणजे होळकरांचं पायदळ मोडून जी छावणी वसवली, तिथेच भारताचं पायदळ घडतं. तुमच्याकडे असं काही आहे का?

बाकी लाखेरीला १७९३ मध्ये तुमच्या डी बॉयनने आमच्या पलटणींना काय केलं ते आम्ही विसरलेलो नाही. पोहे खाताना अजून आठवण काढतो.

सुभेदारसाहेब_निवृत्त

लाखेरीला दोन्हीकडे पलटणी कवायती होत्या, दोन्हीकडे फिरंगी अंमलदार होते. महूला मी कोर्स केला आहे. तुमच्या पोह्यांबद्दल तक्रार नाही.

मुरारवासी

इतकं वाचून एक अडचणीचं बोलते, मग हवं तर मला बाहेर काढा.

"आपले" म्हणजे कोण? डी बॉयनच्या काळापासून या पलटणींत भरती अवधची, रोहिलखंडाची. तेलंगे आणि नजीब, म्हणजे पायदळाचे दोन प्रकार. १८४३ च्या शिपायांतही पूरबी, रजपूत, ब्राह्मण, मुसलमान होते. मराठी बोलणारे किती होते? आणि समोर बंगाल नेटिव्ह इन्फन्ट्री, तीही अवध-भोजपूरकडूनच भरलेली. सुभेदारसाहेबांनी अर्धं सांगितलं, मी उरलेलं अर्धं सांगते: त्या दिवशी आसनच्या काठी एकाच जिल्ह्यातली माणसं दोन्हीकडून एकमेकांवर संगिनी रोखून होती. एका तालुक्याचीही असतील. एकाच बोलीत शिव्या दिल्या असतील.

आणि त्या तहाचं पुढचं पानही वाचा. शिंद्यांचं पायदळ कमी करून शिंद्यांच्याच मुलखाच्या उत्पन्नातून इंग्रजांनी ग्वाल्हेर कंटिन्जंट नावाचं सैन्य वाढवलं, अंमलदार इंग्रज. त्याची छावणी आमच्या मुरारला. १४ जून १८५७ ला ते कंटिन्जंट इंग्रजांवर उलटलं. नोव्हेंबरात तात्या टोप्यांबरोबर कानपूरवर गेलं ते हेच. म्हणजे १८४३ ला तोफेपाशी मेलेल्यांची जागा ज्यांनी घेतली, त्यांनीच चौदा वर्षांनी तेच केलं.

मराठी मंडळाने मराठीत पाटी लावली, "आमचे वीर" म्हणून, तर ती पाटी त्यांतल्या किती जणांना वाचता आली असती?

कंपूकर

मुरारवासी, दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण सुचलं नाही.

मी धागा काढला तेव्हा माझ्या डोक्यात चित्र होतं ते फेट्यातल्या, मिशीवाल्या मराठी शिपायाचं. कोलकात्यात बाकावर बसून वाईट वाटलं ते "आमच्या" तोफांचं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. आमच्या वाड्यात एक पूरबी कुटुंब चार पिढ्या भाड्याने आहे. त्यांचे पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते हे मला माहीत होतं, आणि तरी हे दोन धागे मी कधी जोडले नाहीत. काल संध्याकाळी त्यांच्या आजोबांना विचारलं, तुमच्याकडे फौजेचं काय उरलंय? म्हणाले, "नाम. हमारे गाँव में अब भी हमें ग्वालियरवाले कहते हैं."

गोंडा जिल्ह्यातल्या एका गावात ते ग्वालियरवाले आहेत, आणि ग्वाल्हेरात पूरबी.

तेव्हा मी माझं पहिलं वाक्य बदलतो. दगड मराठ्यांचा नको, पलटणीचा हवा.

पाटणकर_बाजार

मग नाव काय लिहिणार? नुसतं "पलटण" म्हटलं तर लोकांना रेल्वे प्लॅटफॉर्म वाटेल.

रवींद्रपथ

मी नोएडात राहतो (मूळ लष्कर, माधवगंज). इथल्या गोल्फ कोर्सच्या आत, हिरवळीच्या मधोमध, एक दगडी खांब आहे. ११ सप्टेंबर १८०३ ला लेकने यमुनेकाठी दिल्लीची लढाई जिंकली, समोर शिंद्यांचं पायदळ, बुर्कँ या फ्रेंच अंमलदाराच्या हुकमतीखाली. खांब १९१६ साली उभारला. साहेब लोक चेंडू मारत त्याच्या शेजारून जातात. मी एकदा ओळखीने आत जाऊन आलो. तिथेही विजेत्यांचा खांब आहे.

म्हणून सांगतो, नाव नाही तर निदान त्या दिवशी ते कशाजवळ उभे होते तेवढं लिहा. तोफ काढा दगडावर. साधी, रेषेची.

हुगळीकाठ

तोफेला माझं अनुमोदन. भाषेचा प्रश्न मात्र सुटला नाही.

मुरारवासी

हिंदी वर, मराठी खाली. आणि "वीर", "अमर", "शौर्य" हे तिन्ही शब्द वगळून. तारीख, गाव, नदी, आणि "ग्वालियर की पलटनें". अनेकवचन. इंग्रजांचा अंदाज तीन हजारांच्या आसपास मेले-जखमी होता, पण तो त्यांचा अंदाज, आपण दगडावर कोरू नये.

मुठाकाठी

दोन्हीकडच्या शिपायांचा करा की मग. एकाच तालुक्याचे म्हणता ना.

सुभेदारसाहेब_निवृत्त

याला मी विरोध करतो. भावना समजते. पण समोरच्यांची नावं कोलकात्यात आहेत, मनोरा आहे, घुमट आहे, तारे आहेत. त्यांच्यासाठी एवढं झालंय. इथे जे पडले त्यांच्यासाठी काही नाही, म्हणून तर हा धागा. दोन्हीकडचा करायला गेलात की परत एकदा एकाच बाजूचा होईल. आणि शिपाई म्हणून सांगतो, आम्ही समोरच्याला सलाम करतो, पण आपल्या तंबूत नाही, मैदानावर. दगडापाशी उभं राहून ज्याला दोघांना करायचा त्याने दोघांना करावा.

मुठाकाठी

मान्य. आणि पहिल्या प्रतिसादाबद्दल, "भाऊबंदकीचं स्मारक" हे जरा जास्तच झालं. बाकी मतं तशीच आहेत.

छप्पन_दुकान

पुणेकराने शब्द मागे घेतला. तारीख लिहून ठेवा, याचाच दगड करा.

कंपूकर

ठरलं ते एवढं. गेल्या रविवारी परत गेलो होतो, या वेळी सुभेदारसाहेब बरोबर होते. पारावरचे तेच तिघे. मेंड़ वाले काका या वेळी आम्हाला शेताच्या कडेला घेऊन गेले आणि म्हणाले, नांगरताना लहानपणी लोखंडी गोळे निघायचे, भंगारवाल्याला किलोने दिले. एक ठेवला आहे म्हणे, चुलीपाशी, मिरची कुटायला. सुभेदारसाहेबांनी हातात घेऊन पाहिला. काही बोलले नाहीत, परत ठेवला. सहा पौंडी असावा म्हणाले, नंतर, गाडीत.

जागेचं सरपंचांशी बोलणं झालं. पंचायतीच्या जागेत, पिंपळापाशी, हरकत नाही म्हणतात. पण दगड "ग्वालियरवालों" नी आणायचा आणि चहा त्यांचा. वाळूचा दगड मुरारच्या गवंड्याकडे बघून ठेवला आहे, दीड हात रुंद. तोफेचं चित्र रवींद्रपथ पाठवणार आहेत.

या २९ डिसेंबरला दगड उभा राहीलच असं नाही, पण आपण जाऊ. सकाळी सहाला बाड्यावर, टपाल कचेरीसमोर. गाडीत चार जागा आहेत, आणि वाड्यातले आजोबा येणार म्हणालेत, तेव्हा तीनच धरा.

पाटणकर_बाजार

एक माझी. परत येताना मुरेन्याला गजकासाठी थांबायचं, हे आत्ताच लिहून घ्या.

हुगळीकाठ

मी येऊ शकत नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी मी मिरपुडीच्या डबीपाशी जाईन. स्टंपवाल्या पोरांना सांगेन म्हणते, हा घुमट कशाचा आहे ते.

मुरारवासी

दुसरी जागा माझी. आणि त्या काकांना विचारा, गोळा विकत देतील का. नको, विचारू नका. मिरची कुटू द्या.